ट्रॉलीच्या दिव्यांचा 'अर्थ'

दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागात उसाचे गाळप सुरू होते आणि पुढचे चार-पाच महिने रस्त्यांचे रूपच पालटून जाते. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, काकतीचा मार्कंडेय असे सहकारी कारखाने या पट्ट्यात आहेत. शिवाय खाजगी कारखाने निराळे. या सर्वांकडे जाणारा ऊस मुख्यतः ट्रॅक्टरच्या मागून जातो, आणि बहुधा एका ट्रॅक्टरला एक नव्हे, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत आणि आता ज्याचा क्रमांक ४८ आहे, तो पुणे-बेंगळूरू रस्ता असो, की चिकोडी-रायबागकडचा आतला रस्ता असो, संध्याकाळनंतर समोर अंधाराचा एक उंच ढिगारा हळूहळू सरकताना दिसतो. जवळ गेल्यावर कळते, तो ऊस आहे. काही जणांना ते फार उशिरा कळते. उभ्या वा संथ चाललेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दर हंगामात वृत्तपत्रांत येतात.

खडेबाजारात राहणाऱ्या माझ्यासारख्याचा उसाशी संबंध रसाच्या गाड्यापुरता, असे कोणालाही वाटेल. परंतु माझे आजोळ निपाणीकडचे आहे, आणि आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी रोज शेवटचा तास आटोपून दुचाकीवरून खेड्याकडे परततात. तेव्हा ट्रॉलीच्या मागचा दिवा हा विषय आपल्याला परका नाही. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला माझ्या मामांनी आपल्या दोन्ही ट्रॉल्यांचे वायरिंग नव्याने करून घेतले. वायरमन हुक्केरीकडचा, कानडी बोलणारा. ट्रॅक्टरचालक कागलचा, त्याला कानडीचा गंध नाही. मला दोन्ही भाषा येतात, म्हणून दोन दिवस मी त्यांच्यामध्ये दुभाष्या होतो आणि हातात वही होती. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. विजेच्या विषयात अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. पण त्या वहीत जे उतरले आणि नंतर वाचून जे पक्के झाले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

दिवा काय सांगतो?

ट्रॉलीच्या मागे तीन प्रकारचे दिवे हवेत, आणि तिघांचे बोलणे निरनिराळे आहे. मंद लाल दिवा म्हणतो, "मी येथे आहे." प्रखर लाल दिवा म्हणतो, "मी थांबतो आहे." पिवळा लुकलुकणारा दिवा म्हणतो, "मी वळतो आहे." पुष्कळ लोक ट्रॉलीला मागे लाल परावर्तक चिकटवतात आणि काम झाले असे समजतात. परावर्तक अवश्य लावावा. पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. कारखाने आणि पोलीसही हंगामात तो लावून देण्याच्या मोहिमा काढतात. पण परावर्तक पहिलेच वाक्य तेवढे बोलतो, आणि तेही मागच्याच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला तर. थांबणे आणि वळणे या गोष्टी तो सांगू शकत नाही.

ट्रॅक्टरला स्वतःचे ब्रेकलाइट आणि इंडिकेटर असतातच, मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद आणि उंच असते. चालकाचा पाय ब्रेकवर पडला, ट्रॅक्टरचा दिवा लागला, तो उसाच्या मोळ्यांनी पाहिला. मागच्या मोटारसायकलवाल्याने नाही. त्यातून अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वीस टनांच्या आसपासचा भार एकटा ट्रॅक्टर थांबवतो, म्हणून चालक फार आधीपासून वेग कमी करीत येतो. हा संदेश चालकाच्या पायापासून शेवटच्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत नेणे, एवढेच या वायरिंगचे काम आहे.

सात तारा

ट्रॅक्टरच्या मागे, हूकच्या आसपास, झाकण असलेले एक गोल सॉकेट असते. त्यात सात पिना असतात. ट्रॉलीच्या तारेचा प्लग त्यात बसतो. बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी या सात पिनांचा आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे, तो असा:

१ – डावा इंडिकेटर, पिवळी तार.
२ – धुक्याचा मागचा दिवा, निळी तार. आपल्याकडे ही बहुधा रिकामी राहते.
३ – अर्थ, म्हणजे परतीची तार, पांढरी.
४ – उजवा इंडिकेटर, हिरवी तार.
५ – उजवा मंद लाल दिवा, तपकिरी तार.
६ – दोन्ही ब्रेकलाइट, लाल तार.
७ – डावा मंद लाल दिवा आणि नंबरप्लेटचा दिवा, काळी तार.

उजव्या आणि डाव्या मंद दिव्यांना वेगळ्या तारा कशाला, असे मी विचारले. एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बाजू उजळ राहावी, हे त्याचे कारण. बाजारात मिळणारी केबल आणि गावात झालेले जुने जोडकाम या रंगांना नेहमीच जागते असे नाही. म्हणून रंगावर विसंबू नये. सॉकेटवर कोरलेले आकडे पाहावेत आणि तपासणीच्या दिव्याने प्रत्येक पिन खात्री करून घ्यावी.

येथे भाषेचा एक मजेदार घोटाळा झाला. ट्रॉली कर्नाटकातल्या खेड्यात बांधलेली. बांधणाऱ्याने दोन तारांच्या टोकांशी रंगाने कानडीत 'एड' आणि 'बल' असे लिहून ठेवले होते. मी मोठ्याने वाचले. कागलचा चालक म्हणाला, "बल म्हणजे जोर. जोराचा दिवा, म्हणजे ब्रेकची तार हीच." वास्तविक कानडीत एड म्हणजे डावा आणि बल म्हणजे उजवा. सीमाभागात एकाच ट्रॉलीला तीन गावचे हात लागतात; म्हणून तारांवर शब्दांऐवजी पिनेचा आकडा लिहावा. आकडा सर्वांना सारखाच वाचता येतो.

बल्बही पाहून घ्यावेत. ब्रेक आणि इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, मंद दिव्याचा ५ वॅटचा असतो. पुष्कळदा दोन्ही लाल दिव्यांसाठी एकच बल्ब असतो. त्याच्या आत २१ आणि ५ वॅटच्या दोन तारा असतात. या बल्बच्या बुडाशी जे दोन टोचे असतात ते मुद्दाम वरखाली ठेवलेले असतात, म्हणजे तो होल्डरमध्ये एकाच रीतीने बसावा. तो दाबून उलटा बसवला तर मंद दिवा प्रखर होतो आणि ब्रेक दाबल्यावर कोणाला फरकच दिसत नाही. तसेच ट्रकचे बल्ब २४ व्होल्टचे असतात. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. ट्रकचा बल्ब ट्रॅक्टरवर लागतो, पण मिणमिणतो.

परतीची वाट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वाणिज्य शाखेत 'अर्थ' म्हणजे पैसा. मराठीच्या तासाला 'अर्थ' म्हणजे आशय. आणि वायरमनच्या तोंडी 'अर्थ' म्हणजे विजेची परतीची वाट. दोन दिवसांत त्या वायरमनने सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले वाक्य म्हणजे, "तम्मा, अर्थ बरोब्बर इल्ल." म्हणजे, बाबा, अर्थ ठीक नाही.

आपण द्विनोंदी हिशेब शिकतो. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात; नावे आहे तेथे जमा असलीच पाहिजे. विजेचेही तसेच आहे. बॅटरीतून जी वीज दिव्याकडे गेली, ती बॅटरीकडे परत आली पाहिजे. परतीची वाट नसेल तर दिवा लागत नाही. मोटारगाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो, म्हणून एकेका दिव्याला एकच तार पुरते. ट्रॉलीच्या बाबतीत लोक असाच हिशेब करतात: ट्रॉली लोखंडी, दांडी लोखंडी, पिन लोखंडी, मग वेगळी तार कशाला?

पण हूकच्या पिनेला ग्रीस लावलेले असते, तिच्यावर गंज आणि माती चढते, आणि चालताना पिन भोकात सैल खेळते. एका खड्ड्यात लोखंडाला लोखंड लागते, दुसऱ्या खड्ड्यात सुटते. अशा वाटेवर विसंबलेला दिवा गोठ्यात लागतो आणि हमरस्त्यावर विझतो. म्हणून तिसऱ्या पिनेची पांढरी तार थेट प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी. ट्रॉलीच्या सांगाड्याला ती जोडायची असेल तर आधी रंग खरवडून लख्ख लोखंडाला बोल्टने आवळावी. ही तार इतरांपेक्षा जाडही हवी, कारण बाकी सर्वांची जमा याच एका खात्यात होते.

अर्थ तुटला की दिवे नुसते विझत नाहीत, ते खोटे बोलू लागतात. ब्रेक दाबला तर इंडिकेटरही मंद पेटतो. इंडिकेटर लावला तर लाल दिवा लुकलुकतो. कारण परतीची मुख्य वाट बंद झाली, की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून दुसरीकडून बाहेर पडू पाहते. ताळेबंद जुळला नाही की चुकीच्या खात्यात रक्कम जिरवावी, तसे हे आहे. असे विचित्र लक्षण दिसले तर बल्ब बदलण्यापूर्वी पांढरी तार तपासावी.

दुसरी ट्रॉली आणि बारीक तार

एका ट्रॉलीचे गणित सोपे. दुसरी आली की ते बिघडते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार असे सहा ब्रेकलाइट एकदम लागले, तर साडेदहा अँपिअर होतात. मूळ स्विच आणि फ्यूज दोन दिव्यांच्या बेताने दिलेले असतात. मोठा फ्यूज घालणे किंवा फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने केबल तापून जळते. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह जाड तार आणावी आणि मधे रिले बसवावा. मग पेडलचा स्विच फक्त रिलेला हुकूम देतो आणि ओझे रिले वाहतो.

लांबीचाही हिशेब आहे. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत बारा मीटर धरू. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाऊन-येऊन सुमारे ०.४२ ओहम विरोध करते. शेवटच्या दोन ब्रेकलाइटचे साडेतीन अँपिअर तिच्यातून नेले तर वाटेतच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतो. बारातला दीड गेला तर काय मोठेसे, असे वाटेल. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा फार झपाट्याने उतरतो, आणि येथे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश कमी होतो. घंटीसाठी वापरतात तसली अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार वापरली तर निम्म्याहून अधिक उजेड वाटेतच जिरतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत मात्र नुकसान जेमतेम अर्ध्या व्होल्टवर येते. तारेत वाचवलेले पैसे अंधारात जमा होतात, असे म्हणावयास हरकत नाही.

इंडिकेटरचा फ्लॅशरही असाच जोखून घ्यावा. लुकलुक मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा व्हावी असा संकेत आहे. जुन्या, तापणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरवर जादा बल्बांचा भार पडला की त्याची गती बदलते. म्हणून भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. आता एलईडीचे दिवे मिळतात. ते दोन-तीन वॅटमध्ये भागवतात, त्यामुळे तार, स्विच, फ्यूज या सर्वांचेच ओझे उतरते. त्यांनाही असाच फ्लॅशर लागतो. नाहीतर जुना फ्लॅशर बल्ब गेला असे समजून भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही.

ट्रॅक्टरची एक खासियतही ध्यानात ठेवावी. त्याला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना ते सोयीचे पडते. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने एकत्र अडकवायचे असतात. ब्रेकलाइटचा स्विच एकाच पेडलवर असेल आणि खिटी सुटलेली असेल, तर दुसरा पेडल दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि मागचा दिवाही लागत नाही.

जोडणी कशी टिकवावी?

आपल्याकडे दिवे जळून जातात त्यापेक्षा मोडून अधिक जातात. कारखान्यात ऊस उतरवताना साखळ्या आणि तारा दिव्यांवर आपटतात. उसाचे वाढे मागे लोंबून दिवे झाकतात. पावसाळ्यात ट्रॉली उभी असताना उंदीर केबल कुरतडतात. यावर उपाय साधे आहेत. केबल सांगाड्याखाली पाइपमधून न्यावी. दांडीपाशी वळणापुरती ढिलाई ठेवावी, पण ती जमिनीला घासता कामा नये. दिवे चॅनेलच्या आत, जाळी लावून बसवावेत. त्याहून सोपी युक्ती म्हणजे दिव्यांची सुटी फळी. एका पट्टीवर दोन्ही बाजूंचे दिवे आणि परावर्तक पक्के करायचे, ऊस भरून झाल्यावर ती मागे अडकवून प्लग जोडायचा, आणि उतरवण्यापूर्वी काढून घ्यायची. वाढ्यांच्याही बाहेर ती टांगता येते.

ही युक्ती काही नवी नाही. अमेरिकेत निवृत्त मंडळी घरासारख्या मोठ्या मोटारीतून प्रवासाला निघतात आणि तिच्यामागे आपली लहान गाडी ओढत नेतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. काही जण मागच्या गाडीवर चुंबकाने चिकटणारे सुटे दिवे बसवतात. काही जण त्या गाडीचेच दिवे वापरतात. पण मग पुढच्या गाडीची वीज मागच्या गाडीच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये उलटी शिरू नये म्हणून मध्ये डायोड घालतात. डायोड म्हणजे विजेचा एकमार्गी दरवाजा. शिवाय तेथे पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही कामे एकच लाल बल्ब करतो, त्यामुळे लाल-पिवळे वेगळे दिवे असलेल्या गाडीशी मेळ घालायला आणखी एक यंत्र लागते. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि वेगळाच असतो. म्हणून आपले काम सरळ तारेला तार जोडून होते. बिघडलेली जीप ओढून नेताना मात्र सुट्या दिव्यांची फळी आपल्यालाही तितकीच उपयोगी आहे.

कायदा आणि हिशेब

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. म्हणजे ट्रॉली ही ट्रॅक्टरची शेपटी नव्हे. तिची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि परावर्तक यांची तरतूद आहे. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीची नोंद वेगळा हप्ता भरून करून घ्यावी लागते. ती नोंद आहे की नाही हे पाहण्याचे काम घरातल्या वाणिज्य शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने अवश्य करावे. अपघातानंतर कागद शोधण्यात अर्थ नसतो.

खर्च किती? आमच्या मामांना केबल, प्लग, सॉकेट, दिवे आणि मजुरी धरून एका ट्रॉलीला सुमारे दोन हजार रुपये पडले. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने उसाला क्विंटलमागे ३४० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला होता (१०.२५ टक्के उताऱ्याला). त्या दराने दहा टनांच्या एका खेपेचे ३४,००० रुपये होतात. म्हणजे एका खेपेतल्या सहा-सात क्विंटल उसाच्या किमतीत ती ट्रॉली कित्येक हंगाम बोलती राहते. याहून चांगली गुंतवणूक आमच्या पाठ्यपुस्तकात माझ्या तरी पाहण्यात नाही.

शेवटी पाच गोष्टी सांगतो. रोज निघण्यापूर्वी एकाने गादीवर बसावे आणि एकाने शेवटच्या ट्रॉलीमागे उभे राहावे. (१) मंद दिवे दोन्ही बाजूंना लागतात का? (२) ब्रेक दाबल्यावर लाल दिवा स्पष्ट वाढतो का, आणि दुसरे काही लुकलुकत नाही ना? (३) डावा म्हणजे डावाच आणि उजवा म्हणजे उजवाच आहे ना? (४) केबल हलवून पाहिल्यावरही दिवे टिकतात का? (५) काचेवरचा चिखल पुसला का, वाढे बाजूला केले का? या कामाला पाच मिनिटे पुरतात.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी हा लेख घरी वाचून दाखवावा. ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्यांनी तो कानडीत सांगावा. रात्री आपल्या पुढे चाललेल्या ट्रॉलीचा चालक कोणती भाषा बोलतो हे आपल्याला माहीत नसते. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, ही एवढी गोष्ट मात्र आपल्याला वेळेवर कळली पाहिजे.